वडील तंबाखू सोडत नाहीत, त्यांना व्हॉट्सॲपवर कॅन्सरची माहिती पाठवून काही फरक पडेल का?

नुसतं फॉरवर्ड करून नाही पडत, एकच कामाची गोष्ट निवडा आणि शेजारी बसून करून दाखवा. मी दातांच्या दवाखान्यात काम करते, सडलेल्या जबड्याचा फोटो दिसला की लोक फोन उलटा ठेवतात आणि बाहेर जाऊन परत तंबाखू मळतात. त्यापेक्षा वडिलांना तोंड पुरतं उघडतंय का ते बघायला स्वतःची तीन बोटं एकावर एक अशी उभी धरून तोंडात घालायला सांगा, जात नसतील किंवा गालात पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर लगेच डॉक्टरकडे न्या. पुडीवर १८००-११-२३५६ छापलेला असतो, तंबाखू सोडवायला मदत करणारा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, तुम्हीच लावून फोन त्यांच्या हातात द्या. फक्त बोटं गेली म्हणजे सगळं ठीक असं नाही हां, तोंड तपासून घ्यायलाच लागतं.