आडनाव हाती आलं, माणूस कसा शोधायचा?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचा १८४० नंतरच्या दशकातला एक जीर्ण इंग्रजी अहवाल आमच्याकडे आहे. त्यात ‘ऑन. मि. फ्रीलिंगहायझन’ (म्हणजे माननीय श्रीयुत फ्रीलिंगहायझन) एवढाच उल्लेख येतो. आडनावावरून शोधलं तर अर्धा डझन राजकारणी निघाले. यातला आमचा कोणता?
— ग्रंथपाल, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : न्यू जर्सीच्या या एकाच घराण्यातले सहा जण अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, बसले. पहिले १७९३ साली गेले, शेवटचे २०१९ मध्ये निवृत्त झाले. आपल्याकडे एकेका वाड्यात तीन-तीन पिढ्या तिकीट फिरतं, तसलाच प्रकार. अशा वेळी सहाही चरित्रं वाचत बसू नका. कोऱ्या कागदावर प्रत्येकाचं जन्मसाल, मृत्युसाल आणि पद एकेका ओळीत मांडा आणि अहवालाच्या सालावरून एकेक नाव खोडत चला.

फ्रेडरिक १८०४ मध्येच वारले, खोडा. फ्रेडरिक थिओडोर यांचा जन्म १८१७ चा, सिनेटमध्ये गेले ते १८६६ साली, म्हणजे तेही नव्हेत. जोसेफ, पीटर आणि रॉडनी तेव्हा जन्मालाही आले नव्हते. उरले थिओडोर (१७८७–१८६२). १८२९ ते १८३५ सिनेटर, १८४४ मध्ये हेन्री क्ले यांच्या जोडीला उपाध्यक्षपदाचे उमेदवार, आणि पडलेले. पण नुसतं साल जुळलं म्हणून नाव पक्कं करू नका, मिशनशी संबंध दिसायला हवा. तो इथे आहे : नगरचं मिशन बोस्टनच्या ज्या अमेरिकन बोर्डाच्या हाताखाली चाले, त्या बोर्डाचे थिओडोर १८४१ पासून अध्यक्ष होते.

दोन खड्डे सांभाळा. फ्रेडरिक थिओडोर हे थिओडोर यांचे पुतणे आणि दत्तक पुत्रही. एका कागदात ‘पुतण्या’, दुसऱ्यात ‘मुलगा’ दिसेल. माणूस एकच. आणि नावापुढचं ‘ज्युनियर’ म्हणजे मुलगाच असं त्या काळात नव्हतं. एकाच गावात एका नावाचे दोघे असले की वयानं धाकट्याला, नातं नसलं तरी, ज्युनियर म्हणत. थोरला वारला की धाकट्याचं ज्युनियर गळून पडे. ‘ऑन.’वरून तर काहीच ठरवू नका, ती उपाधी साध्या आमदारालाही लागे आणि न्यायाधीशालाही.

काँग्रेसच्या सदस्यांसाठी काँग्रेसचा स्वतःचा चरित्रकोश इंटरनेटवर फुकट आहे, १७७४ पासूनचा. प्रत्येकाला आडनावाचं पहिलं अक्षर आणि सहा आकडे असा क्रमांक असतो (लिंकन यांचा एल ०००३१३). टिपणात तो क्रमांक लिहून ठेवा, म्हणजे पुढे दोन थिओडोर एकमेकांत मिसळत नाहीत. महापौर, वाणिज्यदूत, पक्षाच्या अधिवेशनाचे प्रतिनिधी, पडलेले उमेदवार अशा बारक्या मंडळींसाठी लॉरेन्स केस्टेनबॉम यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली ‘पॉलिटिकल ग्रेव्हयार्ड’ ही आडनाववार सूची पाहा. ती सूची आहे, पुरावा नव्हे. तिथून साल आणि गाव घ्यायचं आणि मूळ नोंदीकडे जायचं.

प्रश्न : १८१५ च्या सुमाराचे मॅसॅच्युसेट्सच्या ‘जनरल कोर्ट’मधले पोर्टलँडचे एक गृहस्थ शोधतोय. मॅसॅच्युसेट्सच्या नंतरच्या नोंदींत हे गावच नाही, आणि ऑरेगनच्या पोर्टलँडशी साल जुळत नाही. शिवाय ते न्यायाधीश होते का?
— संशोधक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : न्यायाधीश नव्हते. मॅसॅच्युसेट्समध्ये विधिमंडळालाच जनरल कोर्ट म्हणतात. आणि तुमचं पोर्टलँड मेन राज्यातलं. मेन १८२० पर्यंत मॅसॅच्युसेट्सचाच भाग होतं. नांदेडकरांना हे समजायला जड जाऊ नये : १९५२ साली नांदेडातून निवडून गेलेला आमदार हैदराबादच्या विधानसभेत बसला, त्याला महाराष्ट्राच्या यादीत शोधून काय मिळणार? तसंच १८६३ आधीचा वेस्ट व्हर्जिनियाचा माणूस व्हर्जिनियात शोधायचा.

खरी किल्ली काउंटी, म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा (लुइझियानात तिला पॅरिश म्हणतात). मृत्युपत्र, जमिनीचं खत, लग्न, बहुतेक राज्यांत सगळं तिथे. पण काउंटीचं नाव राज्यासकट लिहा, वॉशिंग्टन नावाची काउंटी तीसेक राज्यांत आहे.

१७८७ ते १८२५ मधल्या निवडणुकांचे आकडे फिलिप लॅम्पी यांनी जुन्या वर्तमानपत्रांतून वेचले. ‘अ न्यू नेशन व्होट्स’ या नावाने ते मोफत पाहता येतात. तुमच्या माणसाला तिथेच आधी गाठा. जनगणनेकडून फार अपेक्षा नको : १८५० पूर्वी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीच्यांची नुसती डोकी मोजलेली. १८९० ची तर १९२१ च्या आगीत जवळजवळ सगळी गेली, त्यामुळे १८८० आणि १९०० च्या मध्ये वीस वर्षांचं भगदाड आहे. ते शहरांच्या डिरेक्टऱ्या आणि वर्तमानपत्रांनी बुजवावं लागतं. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ संग्रहात शब्द टाकून शोधता येतं, पण १८०० च्या आसपासपर्यंतच्या छपाईत एफसारखा दिसणारा लांब एस वापरत, तो संगणक एफ वाचतो. आडनावात एस असेल तर तिथे एफ घालूनही शोधा.

१८७६ नंतर काउंट्यांचे जाडजूड इतिहास निघाले. त्यातली चरित्रं बहुतेक वर्गणीदारांची, मजकूरही घरच्यांनीच पुरवलेला. म्हणजे आपले गौरवग्रंथच. जन्मगाव आणि बायकोचं माहेर त्यातून घ्या, कर्तृत्व घेऊ नका.

प्रश्न : अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेलेले पहिले भारतीय वंशाचे सदस्य दलीपसिंग सौंद यांची माहिती एका कुळशोधाच्या संकेतस्थळावर ‘साउंडेक्स’ निवडून शोधली, तर सगळे स्मिथच आले! बरं, त्यांचा कार्यकाळ एके ठिकाणी १९५६ पासून, दुसरीकडे १/३/१९५७ पासून दिलाय.
— शिक्षक, उदगीर

उत्तर : यंत्र बिघडलेलं नाही. साउंडेक्स म्हणजे सारख्या उच्चाराची आडनावं एकत्र आणायची पद्धत. ते आडनावाचं पहिलं अक्षर ठेवतं आणि पुढच्या व्यंजनांना आकडे देतं : बी, एफ, पी, व्ही – १, सी, जी, जे, के, क्यू, एस, एक्स, झेड – २, डी, टी – ३, एल – ४, एम, एन – ५, आर – ६. स्वर, वाय, एच, डब्ल्यू सोडायचे, लागोपाठ आलेला तोच आकडा एकदाच धरायचा, तीन आकडे भरले नाहीत तर शून्य लावायचं. सौंद यात एन ५, डी ३, म्हणून एस ५३०. स्मिथ यात एम ५, टी ३, म्हणून तेही एस ५३०. श्नायडर आणि स्नायडर मात्र यानेच एकत्र येतात, दोघेही एस ५३६. मिशिगनमधून काँग्रेसवर गेलेले श्री ठाणेदार हे टी ५३६, तिथे गर्दी कमी. मोठी उणीव पहिल्या अक्षराची : क्लाइन हे आडनाव सीने लिहिलं की सी ४५०, केने लिहिलं की के ४५०, भेट व्हायचीच नाही. दोन्ही अक्षरांनी वेगवेगळं शोधा. सौंद यांच्यासाठी साउंडेक्स बंद करा, कॅलिफोर्निया आणि इम्पीरियल काउंटी टाका.

कार्यकाळाच्या दोन्ही नोंदी बरोबर. निवडणूक नोव्हेंबर १९५६ ची, पद सुरू झालं ३ जानेवारी १९५७ ला. अमेरिकेत महिना आधी लिहितात, ती १ मार्च नव्हे.

प्रश्न : जुन्या अमेरिकी स्त्री-राजकारण्यांची नावं सापडतच नाहीत.
— एक वाचक, सेलू

उत्तर : नवऱ्याच्या नावाने शोधा. १९२२ मध्ये एका दिवसापुरत्या सिनेटर झालेल्या जॉर्जियाच्या रिबेका फेल्टन वर्तमानपत्रांत ‘मिसेस डब्ल्यू. एच. फेल्टन’ म्हणून येतात. उलटही घडतं. युटाच्या १८९६ च्या निवडणुकीत कॅनन आडनावाचे दोन उमेदवार दिसतात, मार्था आणि अँगस. ते नवरा-बायको, वेगवेगळ्या पक्षांतून उभे. राज्याच्या सिनेटवर गेल्या मार्था, अँगस पडले.

प्रश्न : ‘८५ वी काँग्रेस’ म्हणजे कोणतं साल?
— परभणी

उत्तर : फसली सालात ५९० मिळवायची सवय असलेल्यांना हे सोपं. आकडा दुप्पट करा, १७८७ मिळवा : १७० अधिक १७८७, म्हणजे १९५७. हे सुरुवातीचं साल, मुदत दोन वर्षं. १९३३ च्या घटनादुरुस्तीआधी मुदत ४ मार्चला सुरू होई, तेव्हा सुरुवातीच्या सालातली जानेवारी-फेब्रुवारीची जुनी भाषणं आधीच्या काँग्रेसमध्ये शोधावीत.