1984 च्या जासईच्या शेतकरी आंदोलनाचा जुना फोटो हाती लागलाय, त्यामागचा संदर्भ कसा समजून घ्यावा?

तुमच्या फोटोत पोलिसांच्या पाठी आणि लोकांचे चेहरे दिसतायत असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे कॅमेरा पोलिसांच्या बाजूला होता. त्या बाजूने बघितलं की समोरचं कुणीही अंगावर आल्यासारखंच दिसतं. तोच क्षण लोकांच्या मागून टिपला असता तर तुम्हाला पदर, टोप्या आणि समोरच्या काठ्या दिसल्या असत्या, आणि प्रश्नात तुम्ही 'हिंसक जमाव' लिहिलं नसतं. फोटो हातात घेतल्यावर आधी फोटोग्राफर कुठे उभा होता ते ठरवा, मग लोकांबद्दल बोला.

जरा तावातावाने लिहितेय, कारण अशाच एका फोटोवरून माझा वाद झालाय आणि तो अजून मिटलेला नाही.

माझी आत्या जासईजवळच्या एका गावात दिलेली. जासई उरण तालुक्यातलं. नवी मुंबई वसवायला इथल्या जमिनी घेतल्या जात होत्या, त्याविरुद्ध शेतकरी रस्त्यावर उतरले आणि पोलिसांनी गोळीबार केला, ते हे आंदोलन. जानेवारी 1984 मध्ये ती तिथल्याच दास्तान फाट्यावर होती. वर्तमानपत्राच्या एका कात्रणात ती आहे, अगदी डाव्या कडेला. काष्ट्याचं लुगडं, कपाळावर आठ्या आणि पोटाशी पदरात काहीतरी जड धरलेलं. हे कात्रण तिने पत्र्याच्या पेटीत सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर जपून ठेवलंय. नवी मुंबईच्या विमानतळाला या लढ्याचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव द्यावं म्हणून 2021 मध्ये आंदोलन पेटलं, तेव्हा मी त्या कात्रणाचा फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. आम्ही उलव्यात राहतो. वरच्या मजल्यावरच्या एका काकांनी, चांगले शिकलेले, बँकेतून निवृत्त झालेले, तो आत्याभोवती लाल गोल काढून परत टाकला आणि खाली लिहिलं, 'बघा, पदरात दगड भरून आणलेत.' त्याखाली अंगठ्यांची रांग लागली.

मी तशीच आत्याकडे गेले. तिने चष्मा लावला, त्या गोलात स्वतःला नीट पाहिलं आणि म्हणाली, "दगर कनाला नेऊ? भाकऱ्या व्हत्या त्या."

मग सगळंच निघालं. रस्त्यावर बसायचं होतं, परत कधी यायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून अंधारात उठून तिने तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, सुकटीची चटणी केली, शेजारणीच्या वाटणीचंही तिच्याच चुलीवर झालं, म्हणून गाठोडं एवढं मोठं. धाकटा पोरगा सासूजवळ ठेवला. गोळ्या सुटल्यावर पळताना ते गाठोडं कुठे पडलं ते तिला आठवत नाही. फडकं सासूचं होतं, आणि ते हरवलं म्हणून संध्याकाळी बोलणी खाल्ली, हे मात्र लख्ख आठवतं. त्या दिवशी माणसं गेली होती आणि घरात फडक्यावरून बोलणं चाललं होतं, हे सांगताना तिचा आवाज आजही चढतो.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. काकांचं उत्तर आलं, 'त्या असंच सांगणार. आणि तक्रार कसली? साडेबारा टक्क्यांत करोडपती झालात की!' साडेबारा टक्के म्हणजे गेलेल्या जमिनीच्या तेवढ्या हिश्शाचा विकसित भूखंड परत देण्याची योजना.

जुना फोटो बघताना लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे. फोटोतल्या माणसाला पुढचं काही ठाऊक नसतं. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको, ती 1970 ची. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. शेती गेल्यावर खायचं काय, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. जानेवारी 84 मध्ये साडेबारा टक्के नावाची योजनाच नव्हती. 16 तारखेला दास्तान फाट्यावर आणि 17 ला नवघरला गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले, त्या लढ्यातून जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड हे तत्त्व पुढे आलं. योजनेचा सरकारी निर्णय 1990 चा, सुधारित निर्णय 1994 चा. आता करोडपतींचा हिशेब. एक एकर, म्हणजे 40 गुंठे जमीन गेली तर साडेबारा टक्क्यांनी 5 गुंठे होतात. त्यातले 30 टक्के सार्वजनिक सोयींसाठी कापले जातात. हातात राहतात साडेतीन गुंठे, आणि ते सगळ्या वारसांत वाटायचे. आज उलव्यात फ्लॅटचा भाव काय चाललाय ते डोक्यात धरून 84 च्या बाईचा पदर तपासायचा नसतो.

शिवाय तुमच्या फोटोतही पुढे बायकाच आहेत ना? आत्याचं नाव तेव्हा सासरच्या सातबाऱ्यावर नव्हतं. मोबदल्याच्या यादीत नवऱ्याचं आणि दिरांचं नाव, आणि फाट्यावर ही. मिठागरावर मजुरी करणाऱ्यांचंही तेच. कागदात हे चेहरे शोधायला जाल तर निम्मे सापडणारच नाहीत.

आता फोटो खरंच 84 चा आहे का, ही तुमची तारखेची शंका. दर जानेवारीला जे फोटो फिरतात त्यांत भलतेच घुसलेले असतात. मागे बंदराच्या क्रेन दिसल्या तर तो 84 चा नाही, न्हावा-शेवा बंदर 1989 ला सुरू झालं. लोकल दिसली तर नाही, वाशीत लोकल 1992 ला आली. तोंडाला मास्क असतील तर 2021. चिखल आणि छत्र्या असतील तरी नाही, कारण जानेवारीत आमच्याकडे भात कापून, झोडून झालेलं असतं आणि शेतात कोरडी धसकटं उभी असतात. चिरनेरच्या जंगल सत्याग्रहाशीही गल्लत करू नका. तोही उरण तालुक्यातलाच गोळीबार, पण 25 सप्टेंबर 1930 चा, इंग्रजांच्या राज्यातला.

हे जुळलं की फोटोची मोठी प्रत काढा आणि 16 जानेवारीला जासईला हुतात्म्यांच्या अभिवादनाला या. चिरले, धुतूम, पागोटे या हुतात्म्यांच्या गावांतही जा. बायकांशी वेगळं बोला, पुरुष शेजारी बसले की तेच बोलत राहतात. 'आंदोलनात काय झालं' असं विचारलंत तर भाषण ऐकायला मिळेल. फोटोवर बोट ठेवून 'हातात काय होतं, सोबत कोण होतं, पोरांना कुणाकडे ठेवलं होतं' असं विचारा.

एक सांगायचं राहिलं. त्या दोन दिवसांत कुणीच दगड उचलला नाही असं माझं म्हणणं नाही, आत्याचंही नाही. इतक्या वर्षांनी आठवणी सरमिसळ होतात, हेही खरं. म्हणून एकीवर विसंबू नका. त्या पहाटेची शेजारीण अजून आहे, तिला मी आत्या समोर नसताना विचारलं, काय बांधून नेलं होतं म्हणून. तिनेही भाकऱ्याच सांगितल्या, वर आत्याच्या भाकऱ्या जाड असायच्या हेही सांगितलं.

कात्रणात नुसतं गाठोडं दिसतं. दगड होते म्हणणाऱ्याने त्या दिवशी तिथे असलेल्या एका तरी माणसाला विचारलेलं असावं, एवढीच माझी अट आहे. आत्याने आता पंचाहत्तरी ओलांडलीय, कुणी विचारलं तर ती तास न् तास बोलते. तुम्हाला यायचं असेल तर कळवा, मी स्वतः घेऊन जाईन. काकांनाही हेच सांगितलंय. उलव्याहून जासई किती लांब आहे? ते अजून आलेले नाहीत, आणि तो लाल गोलाचा फोटो अजून ग्रुपवर तसाच आहे.