मॉडेल नंतर, आधी स्कॅन बघ
वैद्यकीय स्कॅन वाचायला संगणकाला शिकवताना कोणतं मॉडेल घेऊ, हा प्रश्न नंतरचा. आधी शंभरेक स्कॅन स्वतःच्या डोळ्यांनी बघ. सीटी स्कॅनच्या डायकॉम (वैद्यकीय प्रतिमा साठवायचा प्रमाणित प्रकार) फाइलमधले आकडे थेट वापरू नकोस. फाइलमध्येच दिलेले रिस्केल स्लोप (गुणायची संख्या) आणि इंटरसेप्ट (मिळवायची संख्या) लावून ते हाउन्सफील्ड युनिटमध्ये, म्हणजे सीटीतल्या घनतेच्या मापात, आण. पाणी 0 आणि हवा उणे 1000 च्या आसपास आली, की वाचन बरोबर झालं समज.

सगळ्यात महत्त्वाचं, शिकवायचा (ट्रेनिंग) आणि तपासायचा (टेस्ट) अशी डेटाची विभागणी रुग्णानुसार कर, स्लाइसनुसार (स्कॅनमधल्या एकेका आडव्या छेदाच्या चित्रानुसार) नाही. माझ्याकडून एकदा एकाच रुग्णाच्या लगतच्या स्लाइस ट्रेनिंग आणि टेस्ट दोन्हीकडे गेल्या. अचूकता भरघोस आली. नीट विभागल्यावर धाडकन उतरली आणि सगळे प्रयोग पुन्हा करावे लागले. जनुकांच्या डेटातही तेच: फीचर (मॉडेलला द्यायची वैशिष्ट्यं, इथे जनुकं) निवडताना टेस्टचे नमुने बाजूलाच ठेव.

मॉडेलकडून स्कॅनमधली गाठ आखून घेताना ती छोटी असेल तर नुसत्या अचूकतेवर विसंबू नकोस, डाइस स्कोअर (मॉडेलने आखलेला भाग खऱ्या गाठीशी किती जुळतो याचं माप) बघ. बहुतेक पिक्सेल पार्श्वभूमीचेच असतात रे, म्हणून गाठ चुकली तरी अचूकता भरपूर दिसते.