कापडाच्या लहान तुकड्यांतून भिंतीवर लावण्याजोगी चित्राची गोधडी कशी करावी?

शिवणकामातून उरलेले बोटभर, वीतभर तुकडे घरात साठले आहेत, त्यांतून भिंतीवर लावता येईल अशी चित्राची गोधडी करायची आहे, पण चित्रकला येत नाही, तेव्हा सुरुवात कुठून करावी, असे आपण विचारले आहे. मी दादरला राहते आणि बरीच वर्षे हेच काम करते आहे. चित्रकला येत नाही म्हणून हे काम अडत नाही. ते अडते तुकड्यांची वाटणी चुकल्यामुळे, आणि ही चूक मी स्वतः केलेली असल्याने आधी तिच्याविषयीच लिहिते.

माझे पहिले चित्र पावसाळ्यातल्या दादर चौपाटीचे होते: वर आकाश, खाली समुद्र आणि दोहोंच्या मध्ये सागरी सेतूची रेघ. आकाशासाठी मी फिकट निळे तुकडे काढले, समुद्रासाठी हिरवट आणि राखी. जवळून पाहताना दोन्ही छान वेगळे दिसत होते. पण टाके घालून झाल्यावर चार पावले मागे सरकले, तर आकाश आणि समुद्र मिळून एकच मळकट पट्टा झालेला होता. रंग निरनिराळे होते, पण त्यांचा उजळपणा सारखाच होता, आणि लांबून पाहणाऱ्या डोळ्याला आकार ओळखायला आधी गडद आणि फिकट यांतला फरक लागतो. म्हणून आता मी तुकडे रंगाप्रमाणे लावतच नाही. अगदी फिकट, फिकट, मध्यम, गडद आणि काळपट असे पाच ढीग करते आणि प्रत्येक ढिगाचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढते; चुकीच्या ढिगात पडलेला तुकडा त्या फोटोत लगेच उठून दिसतो. लाल आणि गर्द हिरवा हे रंग या बाबतीत फार फसवतात. छापील सुती कापडाची उलटी बाजू बहुधा सुलट्या बाजूपेक्षा फिकी असते, त्यामुळे एकाच तुकड्यातून दोन छटा मिळतात, हेही लक्षात ठेवावे.

तोच समुद्र मी नंतर पुन्हा केला. पावसाळ्यात आपला समुद्र निळा नसतोच, तो गढूळ, तपकिरी-राखी असतो, ही गोष्ट पहिल्या वेळी रोज डोळ्यांसमोर असूनही मी पाहिली नव्हती. आजीच्या विटलेल्या इरकली लुगड्याचा एक तुकडा होता, धुऊन धुऊन त्याचे सूत इतके विरळ झाले होते की उजेडाला धरले की पलीकडचे बोट दिसे. तो मी गडद कापडावर अंथरला, तेव्हा खालचा काळसरपणा कुठे दिसला, कुठे झाकला गेला आणि पाण्याची खोली आपोआप आली. लुगड्याच्या काठाची अरुंद पट्टी लाटेच्या पोटाखालची सावली म्हणून वापरली. नव्या कापडातून हे साधत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता कृतीकडे वळते. तळाला मांजरपाट घ्यावे. ते आधी धुऊन, आटवून, इस्त्री करून घ्यावे आणि चित्रापेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन इंच मोठे ठेवावे, कारण टाके घालताना कापड आकसते. हवा तो फोटो मोठा करून छापावा आणि खिडकीच्या काचेवर धरून त्यातल्या ठळक कडा तेवढ्या पेन्सिलने मांजरपाटावर उतरवाव्यात. मग लांबचे आधी आणि जवळचे नंतर या क्रमाने तुकडे लावावेत, प्रत्येक पुढचा तुकडा मागच्यावर पाव इंच तरी चढवावा. मोठे तुकडे दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फ्यूजिंग शीटने बसवता येतात. मात्र तिच्या कागदावर आकार काढला तर तो कापडावर आरशात दिसतो तसा डावा-उजवा उलटा उतरतो, तेव्हा तो तसा उलटाच काढावा. नखाएवढ्या चिंध्या कात्रीने आणखी बारीक करून झाडाच्या पानांसारख्या पसराव्यात आणि त्यांवर तलम नेट अंथरून टाचण्या लावून वरून शिवावे. नेट काळी किंवा गडद घ्यावी, ती पांढरीपेक्षा कमी दिसते. तिच्यावर गरम इस्त्री कधीही ठेवू नये, ती वितळते.

एखादी छटा कमी पडलीच तर अख्खे कापड विकत घेऊ नये. कोणत्याही मॅचिंग सेंटरमध्ये टू बाय टू रुबिया या ब्लाऊजच्या कापडाच्या शेकडो छटा असतात आणि पाव मीटर पुष्कळ होते. ब्लाऊज शिवणाऱ्या शिंप्याकडे मागितले तर चिंध्याही मिळतात. त्यांतले पॉलिस्टर तेवढे बाजूला काढावे. गर्द रंगाचा प्रत्येक तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालाखाली इस्त्रीने दाबून पाहावा. गुळेदगुड्डच्या एका लाल खणाची मी अशी परीक्षा घेतली नाही आणि पहिल्याच धुण्यात त्याने शेजारचे संपूर्ण आकाश गुलाबी केले.

टाक्यांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण गोधडीचा जीव त्यांतच असतो. मांजरपाटाखाली जुन्या सुती साडीचे दोन थर पुरतात; मुंबईच्या दमट हवेत मला जाड भरण नको वाटते. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या स्त्रिया त्यांची कवंडी, म्हणजे गोधडी, कडेपासून सुरू करून आत मध्याकडे शिवत जातात आणि चारही कोपऱ्यांना ‘फुला’ म्हणून घडीचे त्रिकोणी तुकडे लावतात. ती पद्धत पांघरुणासाठी उत्तम आहे. चित्रासाठी मात्र मी मधून कडेकडे जाते, म्हणजे सुरकुत्या बाहेर सरकतात. धावदोरा हीच येथे रेखाटनाची रेघ आहे, असे समजावे. पाण्यावर तो आडवा आणि थोडा हलता घालावा, पावसासाठी तिरपा, आकाशात विरळ. धाग्याचा रंग कापडाहून एक छटा गडद असला की पुरे. मशीनवर करायचे असल्यास सुईखालचे, कापड पुढे सरकवणारे दाते खाली करून, रफूचा फूट लावून कापड हाताने फिरवावे.

पहिले चित्र वहीच्या पानाएवढेच घ्यावे. ते पूर्ण झाल्यावर कडांना गोट लावावा आणि मागच्या बाजूला, परकराला असतो तसा नेफा शिवून त्यात लाकडी काठी घालावी. बाहेरच्या भिंतीवर गोधडी लावू नये, तिथे पावसाळ्यात ओल येते. मी माझ्या गोधड्या मे अखेरीस उतरवते, घडी न घालता सुती चादरीत गुंडाळून ठेवते आणि पाऊस सरला की दोन दिवस सावलीत वाऱ्यावर टाकून मगच पुन्हा भिंतीवर लावते.