अंगावर उड्या मारणारा मोती

प्रश्न : आमचा मोती हा 7 महिन्यांचा गावठी कुत्रा घरी कोणीही आले की अंगावर झेप घेतो, परवा सासूबाई पडता पडता वाचल्या. ओरडून, वर्तमानपत्राच्या सुरळीने फटके देऊनही फरक पडत नाही. तो हट्टी आहे का?

उत्तर : मोती हट्टी नाही. पिल्लू असताना त्याने पाय लावले की सगळे त्याला कौतुकाने उचलून घेत असणार, आणि तेच तो आजही मागतो आहे. ढकलणे किंवा ओरडणे हेसुद्धा त्याच्या लेखी लक्ष देणेच ठरते. सुरळी मात्र आजच टाकून द्या, ही माझी कळकळीची विनंती आहे. पाहुणा आला की मार बसतो, एवढेच तो त्यातून शिकतो आणि उद्या त्याच भीतीपोटी गुरगुरू लागू शकतो.

त्याने उडी मारताच पाठ फिरवा, बोलू नका. चारही पाय जमिनीवर टेकले की एक-दोन सेकंदांच्या आत उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा जमिनीलगत धरून द्या. वर धरलात तर तो पुन्हा झेपावेल. सुरुवातीला उड्या वाढल्यासारख्या वाटतील, कारण आजवर हमखास लागू पडलेली युक्ती तो अधिक जोर लावून करून पाहतो, आणि नेमक्या त्या दिवसांत घरातल्या एकानेही विरघळून त्याला कुरवाळले तर सगळी मेहनत वाया जाते. सासूबाई यायच्या असतील तेव्हा तूर्त त्याला साखळीने बांधून मगच दार उघडा.