लंडनच्या बरोमधला कौन्सिलर म्हणजे आपला नगरसेवकच ना? एवढ्याशा पदावर राहून कोणी लक्षात राहण्यासारखं काही केलंय का?

हो, नगरसेवकच. बरो म्हणजे लंडनचा स्वतःची पालिका असलेला एक विभाग. कौन्सिलर तिथल्या वॉर्डातून निवडून येतो, कचरा, रस्ते, घरं यांच्या तक्रारी ऐकतो, आणि लोक त्याला भाजी घेताना गाठून आपलं गाऱ्हाणं सांगतात. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी भरभर देते, कारण दुसऱ्यावर मला मनापासून बोलायचंय. गेली सतरा वर्षं मी इस्लिंग्टन बरोमध्ये राहते. ज्या कौन्सिलरबद्दल सांगणार आहे, त्याने उभा केलेला दवाखाना माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

लंडनमध्ये असे 32 बरो आहेत, शिवाय जुन्या 'सिटी'चा कारभार वेगळा. दर चार वर्षांनी मे महिन्यात निवडणूक होते. एका वॉर्डातून बहुधा दोन किंवा तीन कौन्सिलर निवडून येतात, म्हणजे आपल्या पुण्यातल्या प्रभाग पद्धतीसारखंच काहीसं. मोठा फरक आहे तो अधिकाराचा. आपल्याकडे महापालिकेच्या कारभाराची दोरी आयुक्तांच्या हातात असते आणि आयुक्त राज्य सरकार नेमतं. इथे बहुतेक बरोंमध्ये कौन्सिलरच आपला नेता निवडतात. त्याच्याबरोबर सात-आठ जणांचं छोटं मंत्रिमंडळ असतं आणि एकेकाकडे घरं, शाळा, वृद्धांची देखभाल अशी खाती असतात. महापौर बहुतेक ठिकाणी मानाचाच. पोलीस, मेट्रो, मोठी रुग्णालयं बरोकडे नसतात. बाकीचे कौन्सिलर वॉर्डातली कामं बघतात आणि ठरावीक दिवशी ग्रंथालयात किंवा एखाद्या हॉलमध्ये टेबल मांडून बसतात. त्या बैठकीला इथे 'सर्जरी' म्हणतात. मी स्वतः एकदा शेजारच्या आजींना घेऊन गेले होते, त्यांच्या घराच्या भिंतीला ओल आली होती म्हणून. कौन्सिलरबाईंनी वहीत पत्ता लिहून घेतला, आजींच्या छातीत घरघर होते का ते विचारलं, आणि तेही लिहून घेतलं. ओल आणि छाती यांचा संबंध त्यांना सांगावा लागला नाही.

त्या संबंधावरूनच मला डॉ. चुनीलाल कटियाल यांच्याकडे यायचंय.

कटियाल मूळचे पंजाबचे. लाहोरला डॉक्टरकी शिकून 1920 च्या दशकात इंग्लंडला आले आणि पूर्व लंडनमधल्या कॅनिंग टाउन या गोदी कामगारांच्या वस्तीत त्यांनी दवाखाना थाटला. गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला आले तेव्हा ते मोठ्या हॉटेलात न उतरता पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत राहिले, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. त्याच मुक्कामात, 22 सप्टेंबर 1931 ला, त्यांची आणि चार्ली चॅप्लिनची भेट झाली, ती कटियालांच्या घरी. बहुतेक ठिकाणी त्यांचं नाव एवढ्या एका ओळीपुरतंच येतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुढे ते फिन्सबरीला आले. आज फिन्सबरी इस्लिंग्टनचाच भाग आहे, पण 1965 पर्यंत तो वेगळा बरो होता, लहानसा आणि दाटीवाटीचा. आपल्या मुंबईचे दादाभाई नौरोजी 1892 मध्ये इथूनच, सेंट्रल फिन्सबरीतून, बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी पार्लमेंटवर निवडून गेले होते. त्यांच्या नावाची गल्ली अजून आहे. पण पार्लमेंटात कोणी गेलं म्हणून फिन्सबरीतल्या खोल्या मोठ्या झाल्या नाहीत. एकेका खोलीत अख्खं कुटुंब, खाली तळघरात ओल, बाहेर कोळशाचा धूर. क्षय, मुडदूस, उवा, खरूज हे घरोघरचं. परळ-लालबागच्या चाळींत ज्यांचे आजी-आजोबा राहिले, त्यांना याहून जास्त सांगायला नको.

क्षयावर तेव्हा औषधच नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन आलं ते 1940 च्या दशकात. तोवर ऊन, मोकळी हवा आणि सकस अन्न, एवढंच डॉक्टर सांगू शकत. कटियालांसारखा डॉक्टर रोज हे सांगत असणार, आणि समोरचा माणूस ज्या खोलीत परत जाणार तिथे यातलं काहीच नाही, हेही त्याला दिसत असणार. माझी समजूत अशी की ते निवडणुकीला उभे राहिले ते यामुळे. 1934 च्या नोव्हेंबरात ते लेबर पक्षातर्फे फिन्सबरीचे कौन्सिलर झाले. त्याच निवडणुकीत बरोची सत्ताही लेबरकडे आली, आणि कटियाल सार्वजनिक आरोग्य समितीचे अध्यक्ष झाले.

तुम्ही 'एवढंसं पद' म्हणालात. खरंच एवढंसंच होतं. मोठी रुग्णालयं लंडन काउंटी कौन्सिलकडे, म्हणजे सगळ्या लंडनच्या मोठ्या पालिकेकडे होती. बरोकडे स्वच्छता, बाळंतिणी आणि तान्ह्या मुलांची तपासणी, क्षयाचा दवाखाना, घरांचं निर्जंतुकीकरण अशी सटरफटर वाटणारी कामं होती, आणि तीही गावभर विखुरलेली. लेकराचे दात एका इमारतीत, आईची छाती दुसरीकडे, गाद्या निर्जंतुक करायच्या त्या तिसरीकडे. कटियालांनी नवा अधिकार मागितला नाही. हातात जे होतं ते एका छपराखाली आणायचं त्यांनी ठरवलं.

डॉक्टरांच्या एका प्रदर्शनात त्यांनी क्षयाच्या दवाखान्याचा एक आराखडा पाहिला होता. तो होता बर्टहोल्ड लुबेत्किन आणि त्यांच्या 'टेक्टन' या गटाचा. लुबेत्किन जन्माने जॉर्जियाचे. असे बाहेरून आलेले दोघे, एक डॉक्टर आणि एक वास्तुरचनाकार, आणि मध्ये कौन्सिलची समिती. त्यातून पाइन स्ट्रीटवरचं 'फिन्सबरी हेल्थ सेंटर' उभं राहिलं. 1938 च्या ऑक्टोबरात ते सुरू झालं. राष्ट्रीय आरोग्य सेवा, जिला इथे सगळे एनएचएस म्हणतात, ती आली 1948 मध्ये. म्हणजे दहा वर्षं आधी, एका छोट्या बरोत, लोकांना एकाच दारातून आत जाऊन मोफत तपासून घेता येत होतं.

ही इमारत जवळून पाहावी अशी आहे. दोन्ही बाजूंचे भाग किंचित तिरके पुढे आलेले आहेत, कोणीतरी हात पसरून 'या' म्हणावं तसे. दर्शनी भागाला फिकट दुधी रंगाच्या चकचकीत फरशा, कारण लंडनच्या धुरात साधी भिंत काळी पडते आणि फरशी धुता येते. प्रवेशाच्या दालनाला काचेच्या विटा, त्यामुळे ढगाळ दिवसातही आत उजेड भरलेला. बाकांच्या रांगा मांडून लोकांना ताटकळत बसवायचं नाही, खुर्च्या मोकळ्या ठेवायच्या, हे ठरवून केलेलं होतं. भिंतींवर चित्रं होती, रात्रंदिवस मोकळी हवा घ्या, जमेल तितकं बाहेर राहा, असं सांगणारी. आत क्षयाचा दवाखाना, दातांचा दवाखाना, पायांच्या दुखण्यांचा वेगळा विभाग, कृत्रिम सूर्यप्रकाश देण्याची खोली, व्याख्यानासाठी सभागृह. खाली अंथरुणं-कपडे निर्जंतुक करायची सोय. घर निर्जंतुक होत असताना ते कुटुंब जाणार कुठे? म्हणून त्यांना राहायला जागाही तिथेच ठेवली होती. मला ही शेवटची सोय सगळ्यात जास्त भावते. जो माणूस त्या खोल्यांमध्ये जाऊन आलाय, त्यालाच ती सुचणार.

आणखी एक. वायरी आणि पाइप बाहेरच्या बाजूने हात पोहोचेल असे बसवले, आणि आतल्या भिंती हलवता येतील अशा ठेवल्या, कारण वैद्यक बदलत जाणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं. म्हणूनच इतक्या वर्षांनी ती वापरात राहू शकली. मध्यंतरी इमारत विकायचा विचार निघाला होता, तेव्हा इथल्या रहिवाशांनी मोहीम चालवून ती वाचवली.

केंद्र सुरू झालं त्याच वर्षी कटियाल फिन्सबरीचे महापौर झाले, ब्रिटनमधले पहिले दक्षिण आशियाई महापौर. पण मला वाटतं, त्यांची खरी कारकीर्द समितीच्या खोलीतली आहे. अंदाजपत्रकावर वाद, जागेचा वाद, एवढा खर्च गरिबांच्या दवाखान्यावर कशाला, हा तर सगळीकडे होणारा वाद. लुबेत्किन म्हणत की सामान्य माणसासाठी कितीही चांगलं केलं तरी ते 'गरजेपेक्षा जास्त चांगलं' ठरत नाही. हे वाक्य वास्तुरचनाकाराला बोलता येतं. पण ते प्रत्यक्षात आणायला हात वर करून मत देणारे कौन्सिलर लागतात. केंद्र हा एकटा प्रकल्पही नव्हता. नवी घरं, पाळणाघरं, स्नानगृहं अशी मोठी योजना त्यामागे होती. युद्ध आलं आणि बरंच काही अडलं. जमिनीखाली खोल निवारे बांधायची फिन्सबरीची योजना सरकारने नाकारली. घरांचं काम मात्र युद्धानंतर पुन्हा उभं राहिलं.

युद्धातच एब्रॅम गेम्स या चित्रकाराने सैनिकांसाठी एक पोस्टर केलं होतं. मागे पडकी भिंत, तिथे मुडदुसाने पाय वाकलेलं मूल, आणि त्यावर पुढे झळकणारं हे हेल्थ सेंटर. लढायचं ते या ब्रिटनसाठी, असा अर्थ. चर्चिलना ते अजिबात रुचलं नाही आणि पोस्टर मागे घेतलं गेलं. एका बरोच्या आरोग्य समितीचं काम पंतप्रधानांना खुपावं, यावरून काय ते समजा.

कटियाल निवडून आले त्याच 1934 साली शेजारच्या सेंट पँक्रसमधून व्ही. के. कृष्ण मेनन कौन्सिलर झाले आणि 1947 पर्यंत राहिले. आपल्याला ते संरक्षणमंत्री म्हणून आणि मुंबईतल्या निवडणुकांमुळे माहीत. सेंट पँक्रसमध्ये त्यांचा ध्यास ग्रंथालयांचा होता. बरोमध्ये जितके पब तितकी ग्रंथालयं असावीत, असं ते म्हणत असं सांगतात. बरोने 1955 मध्ये त्यांना सन्माननीय नागरिकत्व दिलं. त्यांच्याआधी तो मान मिळाला होता फक्त बर्नार्ड शॉ यांना, जे स्वतः तिथले जुने कौन्सिलर. मेनन यांच्यावर कोणीतरी वेगळं, सविस्तर उत्तर लिहायला हवं.

कौन्सिलरने प्राधान्य कशाला द्यावं, यावर माझं मत विचारलंत तर सांगते. प्रचाराच्या पत्रकात पंधरा कलमं असणाऱ्यापेक्षा, एकच गोष्ट धरून चार वर्षं त्या एका समितीत चिवटपणे बसणाऱ्याला मी मत देते. आणि हो, इथे राहणाऱ्यांसाठी कामाची माहिती: भारतीय पासपोर्ट असला तरी कायदेशीर वास्तव्य असेल तर राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून आपल्याला मतदान करता येतं, फक्त नाव नोंदवावं लागतं. कायमच्या वास्तव्याची परवानगी असेल तर कौन्सिलरच्या निवडणुकीला उभंही राहता येतं आणि त्याला अनामत रक्कम लागत नाही. कितीतरी मराठी घरांत हे माहीतच नसतं.

आता कटियालांचं पुढचं. 1948 मध्ये ते भारतात परतले, कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे पहिले महासंचालक म्हणून. म्हणजे ईएसआय. 24 फेब्रुवारी 1952 ला कानपूर आणि दिल्लीत ती योजना सुरू झाली, मग देशभर पसरली. महामंडळाचं काम 1953 पर्यंत पाहून ते पुढे लंडनला परतले, आणि 1978 मध्ये तिथेच वारले.

हे मला कळलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते. माझे बाबा भांडुपला एका कारखान्यात फिटर होते. दर महिन्याला पगारातून ईएसआयचे पैसे कापले जायचे. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन मुलुंडच्या ईएसआयएस हॉस्पिटलात झालं, तेव्हा मी सातवीत होते आणि दुपारचा डबा मी न्यायचे. ज्या माणसाने ती यंत्रणा उभी करायला सुरुवात केली, त्याने आधी फिन्सबरीत हे करून पाहिलं होतं.

दोन वर्षांपूर्वी बाबा लंडनला आले होते. मी त्यांना बकिंगहॅम पॅलेसच्या आधी पाइन स्ट्रीटला नेलं. सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी भिंतीच्या फरशीवर हात फिरवला, जोड कसे बसवलेत ते फिटरच्या नजरेने पाहिलं, आत डोकावले, आणि मला हळूच विचारलं, "औषधाची खिडकी कुठल्या बाजूला गं?"