केव्हापासून माहीत होतं?

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल येऊन नऊ दिवस झाले. उशीर का झाला ते सांगत बसत नाही, कारण खरं कारण फारसं चांगलं नाही. तुझ्या मेलमधल्या एका वाक्यावरून मला माझंच काहीतरी आठवलं आणि मी लॅपटॉप मिटून टाकला.

टीममधल्या, तुझ्याहून वयाने मोठ्या सहकाऱ्याचं अप्रेझल, म्हणजे वर्षातून एकदा होणारं कामाचं मूल्यमापन, तुला लिहायचं आहे. त्यावरचं वाक्य हे: ‘त्यांना लागणार नाही अशा शब्दांत हे अप्रेझलमध्ये कसं लिहू, तेवढं सांगा.’

नाही सांगणार. शब्द येत नाहीत म्हणून नव्हे. असे शब्द घडवण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत. ‘सुधारणेस वाव आहे.’ ‘संवादाबाबत अधिक सजगता अपेक्षित.’ ‘क्षमता मोठी, सातत्य हवं.’ वाचणाऱ्याला यातून रेटिंग किती पडणार याचा अंदाज येतो, बाकी काही नाही. तू टीम हातात घेतलीस त्याला सात महिने झाले. हे गृहस्थ क्लायंटला शब्द देतात आणि विसरतात, हे तुला दुसऱ्याच महिन्यात दिसलं, असं तूच लिहिलं आहेस. मग पाच महिने काय केलंस? साठवलंस. आता ते सगळं फॉर्मच्या चौकटीत ओतायचं आहे, आणि वर त्याला वास येऊ नये अशी युक्ती माझ्याकडे मागते आहेस. शिळं बोलू नकोस, बाई. एवढंच मला सांगायचं आहे. पण एवढ्याने तुझं समाधान होणार नाही आणि माझंही, म्हणून पुढे लिहितो.

माझ्या टीममध्ये एक जण होता. डोकं तल्लख, काम असं चोख की चूक शोधायला बसलं तर संध्याकाळ व्हावी. पण मिटिंगमध्ये ज्युनिअर मुलांचं बोलणं अर्ध्यावर तोडायचा. मार्चमध्ये मी पहिल्यांदा नीट बघितलं. एक नवी मुलगी काहीतरी मांडत होती. ह्याने ‘ते करून झालंय’ म्हणत नुसता हात हलवला. तिने वही मिटली, पेनाचं टोपण लावलं आणि तासभर परत उघडलं नाही. मी काय केलं? माझ्या डायरीत तारीख टाकली आणि पुढे लिहिलं, ‘अप्रेझलला बोलणे’.

नोव्हेंबरपर्यंत अशा सहा तारखा जमल्या. त्या सहाच्या सहा मी त्याला वाचून दाखवल्या. मनात केवढा अभिमान, केवढी माझी तयारी! त्याने वाद घातला नाही. शेवटी एवढंच विचारलं, ‘सर, म्हणजे हे तुम्हाला मार्चपासून माहीत होतं?’

मी डायरीचं पान उलटलं. पुढचं पान कोरं होतं, तरी उलटलं.

तो सोडून गेला असता तर बरं झालं असतं. तो राहिला. वेळेवर येई, सांगितलेलं काम करून वेळेवर जाई. मिटिंगमध्ये कोणाचं बोलणं तोडत नसे, कारण तो आता बोलतच नसे. पुढच्या वर्षीच्या फॉर्मवर मी स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘वर्तनात लक्षणीय सुधारणा’.

माझी बाजूही ऐकून घे. हाताखाली एकोणीस माणसं होती. बोलायचं ते वर्षातून एकदा, हीच रीत होती. माझ्या साहेबांनीही मला कधी वेगळं वागवलं नव्हतं. शिवाय तो हुशार होता, दुखावला तर जाईल ही भीती होती. ही सगळी कारणं खरी आहेत. इतक्या वेळा स्वतःला सांगितली आहेत की आता पाठ झाली आहेत. पण त्या मार्चमध्ये चार मिनिटं लागली असती, आणि चार मिनिटं माझ्याकडे होती.

फीडबॅक हा शब्द एचआरच्या खोलीत जन्मलेला नाही, तो यंत्रांच्या जगातून आला आहे. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला गव्हर्नर, म्हणजे वेग आपोआप आवरणारं साधन, जोडला. दोन गोळे गरगर फिरतात. वेग वाढला की बाहेर फेकले जातात आणि वाफेची झडप आवळतात, वेग उतरला की आत येतात आणि झडप सैल सोडतात. तिथे कोणी वर्षअखेरीस इंजिनाला बसवून ‘तुझा वेग जूनमध्ये जास्त होता’ असं सांगत नाही. आणि अशा व्यवस्थेत माहिती उशिरा पोचली की काय होतं, हे तुला आंघोळीच्या वेळी रोज कळतं. नळ फिरवला, पाणी गारच. आणखी फिरवला, तरी गार. मग एकदम चटका. घाबरून उलटा फिरवला की पुन्हा बर्फ. दोष नळात नसतो, पाण्यातही नसतो. मधल्या पाइपात असतो. तुझ्या टीमच्या पाइपाची लांबी पाच महिने आहे.

आता म्हणशील, लगेच बोलले तर लागतं. हो, लागतं. पण तुला वाटतं तिथे लागत नाही. क्लुगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरची तोवरची संशोधनं एकत्र करून पाहिली, २३ हजारांहून अधिक निरीक्षणं. सरासरी परिणाम चांगला निघाला. पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी फीडबॅक दिल्यावर काम सुधारायच्या ऐवजी बिघडलं. त्यांनी मांडलेला तर्क मला पटतो: बोलणं कामावरून घसरून माणसावर गेलं की ऐकणाऱ्याचं सगळं लक्ष स्वतःला सावरण्यात जातं, काम बाजूलाच राहतं. आणि साठवून बोललं की ते माणसावर जातंच. एक तारीख सांगितली तर तो प्रसंग असतो. सहा तारखा सांगितल्या की तो स्वभाव होतो. तू तोंडाने ‘स्वभाव’ हा शब्द न काढताही होतो. म्हणून म्हणतो शिळं बोलू नकोस. सौजन्य म्हणून नव्हे, हिशेब म्हणून.

बोलायचं कसं, तर असं. ‘मंगळवारी क्लायंटने आकडे मागितले, तुम्ही संध्याकाळपर्यंत पाठवतो म्हणालात. गुरुवारी सकाळी त्यांचा मला फोन आला, आकडे मिळाले नव्हते. काय झालं होतं?’ बस. ते तुझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे आहेत, तर ‘तुम्ही’ म्हण, दार लावून बोल, खुर्ची टेबलाच्या त्यांच्या बाजूला ओढून बस. पण वाक्य तेच ठेव. आधी दोन कौतुकं, मग मुद्दा, मग पुन्हा कौतुक असला लेप चढवू नकोस. मोठ्या माणसाला लेप लगेच कळतो, आणि त्यानंतर तुझं खरं कौतुकही त्याला लेपच वाटतं. ‘तुम्ही नेहमी असं करता’ नको. ‘टीममध्ये अशी भावना आहे’ तर मुळीच नको.

आणि मग गप्प बस. हा भाग सगळ्यात अवघड. ‘काय झालं होतं?’ विचारल्यावर जी शांतता पसरते ती मला कधी सोसली नाही. तीन सेकंदांत मी स्वतःच उत्तर द्यायचो: ‘म्हणजे मला माहीत आहे, तुमच्यावर कामाचा ताण होता...’ समोरच्याचं उत्तर मीच खाऊन टाकायचो. तुला काय माहीत, ते आकडे ज्याच्याकडून यायचे होते त्यानेच दिले नसतील. किंवा त्यांना ते नवं सॉफ्टवेअर उघडता येत नसेल आणि तुझ्यासमोर ते कबूल करायची लाज वाटत असेल. हे पाच महिन्यांनी विचारून कळत नाही. तेव्हा कोणालाच नेमकं काही आठवत नसतं. प्रत्येकाला फक्त आपली बाजू आठवते.

ओरडण्याबद्दलही सांगतो, कारण तुझ्या वरच्या साहेबांचा सल्ला ‘जरा आवाज चढव’ असा आहे म्हणे. मीही चढवत होतो, आणि फरक पडतो हे डोळ्यांनी बघत होतो. नंतर मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमानचा एक किस्सा वाचनात आला. त्यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. किस्सा त्याच्या कितीतरी आधीचा, इस्रायली हवाई दलातला. वैमानिकांचे प्रशिक्षक त्यांना म्हणाले, चांगल्या कसरतीवर शाबासकी दिली की पुढची बिघडते, वाईटावर झापलं की पुढची सुधारते. काहनेमाननी जमिनीवर खडूने खूण केली आणि सगळ्यांना पाठ करून तिच्याकडे दोन-दोन नाणी फेकायला लावली. ज्यांची पहिली फेक अगदी जवळ गेली त्यांची दुसरी बहुधा लांब गेली, ज्यांची लांब गेली त्यांची जवळ आली. कोणी कोणाला झापलं नव्हतं. फार वाईट दिवसानंतर बहुधा बरा दिवसच येतो. जे श्रेय मी माझ्या आवाजाला देत होतो ते त्या बऱ्या दिवसाचं होतं, हे वाचून मी दोन दिवस घुश्शात होतो. अजूनही पूर्ण पटलंय असं नाही. एक-दोन जणांना माझ्या ओरडण्याचा उपयोग झाला, असं मला वाटतं. त्यांना विचारायला मात्र मी कधी गेलो नाही.

कौतुकाचंही तेच. ते साठवण्यात तर काहीच शहाणपण नाही. गॅलप या सर्वेक्षण कंपनीच्या ज्या बारा प्रश्नांवर जगभर एंगेजमेंट, म्हणजे माणसांचं मन कामात किती आहे ते, मोजतात, त्यातला एक प्रश्न गेल्या सात दिवसांत चांगल्या कामाबद्दल कोणी दखल घेतली का, असा आहे. सात दिवसांत! आपण वर्षाच्या समारंभात ढाल देतो. तीन महिन्यांपूर्वी तुझ्या टीममधल्या त्या शांत मुलीने रात्री बसून चुकीची फाइल दुरुस्त केली, हे तू मला दोन ओळींत कौतुकाने लिहिलंस. मला लिहिलंस. तिला सांगितलंस का?

तुझ्या मेलमधला दुसरा प्रश्न टीमच्या एंगेजमेंट सर्व्हेचा. आकडे घसरले, म्हणून एचआरने दर शुक्रवारी खेळ घ्यायला सांगितलं. घे, खेळायला काय जातं. पण माणसं कामातून मनाने उठतात ती खेळ कमी पडल्यामुळे नव्हे. हार्वर्डच्या संशोधक टेरेसा अमाबिले यांनी २३८ जणांच्या रोजच्या नोंदी तपासल्या, जवळजवळ १२ हजार. ज्या दिवशी काम थोडंसं पुढे सरकलं, ते दिवस माणसांना सगळ्यात चांगले गेले होते. आता काम पुढे सरकलं की मागे, हे त्या माणसाला कळणार कसं? कोणीतरी त्याच आठवड्यात सांगितलं तर. बघ, फिरून तिथेच येतो आपण. म्हातारा एकच रेकॉर्ड वाजवतो असं म्हणशील, वाजवू दे.

तू लिहितेस, ‘मिटिंगमध्ये कोणाचीच काही तक्रार नसते, तरी सर्व्हेत इतके कमी मार्क कसे?’ हे वाचून मात्र मला काळजी वाटली. संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात हॉस्पिटलांतल्या नर्सिंग टीम्सचा अभ्यास केला. अपेक्षा अशी, की चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी असतील. निघाल्या जास्त. मग उलगडा झाला: तिथे चुका जास्त होत नव्हत्या, बोलून दाखवल्या जात होत्या. बाकीच्या टीम्समध्ये त्या दडवल्या जात होत्या. तुझी मिटिंग शांत आहे याचा अर्थ तुझ्याकडे येणारा पाइपही तुंबला आहे. तू पाच महिने गप्प राहिलीस, ते त्यांनी बघितलं आणि तेच शिकले. त्यांच्याही खिशात डायऱ्या आहेत. त्यांनाही तुझ्याबद्दल सहा तारखा माहीत असतील, आणि त्या त्यांनी सर्व्हेत ओतल्या, नाव न घालता.

म्हणून पुढच्या आठवड्यात एकेकाला भेटून विचार, ‘गेल्या पंधरा दिवसांत माझ्यामुळे तुमचं काम कुठे अडलं?’ ‘काही सूचना आहेत का’ असं विचारू नकोस, त्याला उत्तर ‘नाही मॅडम’ असंच असतं. पहिल्या खेपेला बहुतेक जण काही बोलणार नाहीत. एखादा काहीतरी बारीकसं सांगेल: तुम्ही मेल रात्री अकराला टाकता, सकाळी उठल्यावर धस्स होतं. ते बारीकसं त्याच आठवड्यात बदल. त्यांना दिसू दे, बोललेलं कुठेतरी पोचतं. बदलता येण्यासारखं नसेल तर तेही त्याच आठवड्यात सांग. विचारून विसरणं हे न विचारण्यापेक्षा वाईट. क्लायंटला शब्द देऊन विसरणाऱ्या त्या गृहस्थांवर तुझी तक्रार तीच तर आहे.

आता ताज्या गोष्टीतलं एक तुझ्याबद्दलही. तुझ्या मेलमध्ये ‘टीमला वाटतं’ हे शब्द चार वेळा आलेत. चारही ठिकाणी मला कळलं नाही की हे कोणाला वाटतं. एका ठिकाणी तर मला शंका आली की ते फक्त तुलाच वाटतं. काय आहे ते?

फॉर्म भरायची शेवटची तारीख तीस आहे म्हणतेस. आज अठरा. त्यांच्याशी आधी बोल, फॉर्म मागाहून भर. आधी जे बोलून झालं नाही, त्यातलं एक अक्षर फॉर्ममध्ये जाऊ देऊ नकोस. जुन्यापैकी सगळं उगाळू नकोस, शिळ्या कढीला ऊत नको. शेवटचा, ताजा प्रसंग घे. तरीही ते हुशार आहेत, बोलण्याच्या ओघात त्यांना कळेल की तू हे बरेच दिवस बघत होतीस. त्यांनी मान वर करून विचारलं, ‘तुम्हाला हे केव्हापासून माहीत होतं?’ तर खरा महिना सांग.